दाढ गप्प झाली म्हणून

आठ रात्री ठणकणारी दाढ आपोआप थांबली, असं तू फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलंस आणि मला उलट तेव्हाच धास्ती वाटली. ठणकत होती तोवर तू निदान डॉक्टरचं नाव तरी काढत होतीस. आता म्हणतेस, "ताई, पावसाळा झाला की बघू." तर हे 'पावसाळा झाला की' आपण दोघींनी जरा नीट बोलून घेऊ. रागावत नाहीये गं. हिशेब मांडतेय.

आपल्या भागात 'नंतर'ला शेंडा-बुडखा नसतो, हे तुलाही ठाऊक आहे. राब भाजायचेत म्हणून आधी थांबलीस. आता पेरणी. पाऊस लागला की आवणी, आणि आवणीत बाईमाणसाला चिखलातून पाय काढायला फुरसत नसते. मग नागली-वरईची निंदणी, मग गौरी-गणपती, मग कापणी नि झोडणी. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर नाहीतर भिवंडी-वसईकडे, म्हणजे घरची सगळी कामं राहिलेल्यांच्या माथी. त्यात तुझी अंगणवाडी. पोरांची वजनं, आहाराचं वाटप, रजिस्टरं, पर्यवेक्षिकांचा फोन. कोणत्या महिन्यात बसवणार आहेस ही दाढ? पाड्यावरच्या बायांना तू दारोदार जाऊन "दवाखान्यात चला" म्हणून सांगतेस, आणि स्वतःची वेळ आली की 'बघू'.

बरं, प्रत्येक दातासाठी पदर खोचून धावत सुटावं असं माझं म्हणणं नाही. थांबण्यासारखंही पुष्कळ असतं. गार पाण्यानं क्षणभर सणक येते आणि पाणी गिळताच जाते, तर महिनाभरानं गेलीस तरी चालेल, पण जा. कारण तेव्हा नुसतं सिमेंट भरून भागतं. दाताचा बारीकसा टवका उडालाय आणि दुखत नाही, दातांवर किटण चढलंय, ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त येतं, यातलं काही आवणी सोडून जाण्याजोगं नाही. अक्कलदाढेवरची हिरडी जरा सुजली आणि कोमट मिठाच्या पाण्यानं दोन-तीन दिवसांत उतरली, तर तिलाही सवड देता येते. तीच परत परत सुजायला लागली तर मात्र नाही.

तुझी दाढ या यादीत बसत नाही. का, ते सांगते.

दाताच्या पोटात एक पोकळी असते. त्यात नस असते, बारीक रक्तवाहिन्या असतात. कीड वरच्या कडक थरात असते तोवर कळतही नाही. आतल्या मऊ थरात उतरली की गार-गोड लागायला लागतं, पण खाणं थांबलं की कळही थांबते. इथपर्यंत नस शाबूत असते. कीड नसेच्या जवळ गेली की नस सुजते, आणि अंगावर कुठंही सूज आली तर तिला फुगायला जागा असते, इथं चारी बाजूंनी दाताची कडक भिंत. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं आत दाबावर दाब. म्हणून गरम चहाचा घोट घेतला की कळ उठते आणि पेला खाली ठेवल्यावरही पाच-दहा मिनिटं हटत नाही. म्हणूनच दिवसा कामात बरं असतं आणि रात्री आडवं झालं की ठणका सुरू होतो, कारण डोकं खाली गेलं की रक्ताचा जोर तिकडं वाढतो. तू दोन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपत होतीस ना? तोंडात गार पाणी धरलं की बरं वाटतं, असंही म्हणाली होतीस. ही सगळी शेवटाकडची लक्षणं.

आणि मग एक दिवस दुखणं थांबतं. कारण बहुतेक वेळा नस मरते. ती गेली तर कळ कुणाला कळणार? कीड मात्र गेलेली नसते. त्या मेलेल्या पोकळीतून जंतू मुळाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून जबड्याच्या हाडात. काही आठवडे जातील, कदाचित काही महिनेही. मग चावताना ती दाढ बाकीच्यांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटेल. हिरडीवर पुळी येईल, फुटली की तोंडात खारट घाण चव येईल आणि पुन्हा बरं वाटेल. हे बरं वाटणंच माणसाला फसवतं. आठ रात्री ठणकून एका सकाळी गप्प झालेली दाढ ही माझ्या लेखी दुखणाऱ्या दाढेपेक्षा जास्त घाईची.

त्यात तुझी दाढ खालची. खालच्या मागच्या दाढेचा पू कधी कधी जबड्याखाली, जिभेच्या तळाला उतरतो. गाल सुजला, ताप आला, तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, तर तो त्याच दिवशी दवाखान्यात जायचा मामला आहे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी टणक सूज, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदललाय, श्वास जड झालाय, असं झालं तर दाताचा डॉक्टर शोधत बसायचं नाही. 108 ला फोन आणि सरळ मोठं रुग्णालय. हे रोज कुणाला होतं असं नाही. पण होतं तेव्हा तासांचा हिशेब असतो. शहरातली बाई रिक्षा करून वीस मिनिटांत पोचेल. तुमच्या पाड्यापुढच्या ओहोळाला जुलैत पाणी चढलं की काय होतं? आपल्या मोखाड्यात अजूनही आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, ते तू माझ्याहून जास्त पाहिलंयस. मुंबईच्या बाईनं "दोन महिन्यांनी बघू" म्हणणं आणि खोडाळ्याच्या अलीकडच्या पाड्यावरून तू म्हणणं, यात पुष्कळ फरक आहे. म्हणून माझं म्हणणं, थांबायचंच असेल तर पावसाच्या अलीकडं काम उरकून मग निवांत थांब.

आता तुझे घरगुती उपाय. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवलास, हरकत नाही. त्यातल्या द्रव्यानं नस थोडा वेळ बधिर होते. पण हिरडीवर ओतू नकोस, भाजतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चांगल्याच. गालाला बाहेरून गरम विटकर लावणं मात्र बंद कर. आत पू असेल तर शेकानं सूज बाहेरच्या अंगाला ओढली जाते. आणि दाढेखाली गोळी कुटून ठेवायची, हा शहाणपणा तुला कुणी शिकवला? गोळी पोटात जाऊन काम करते. हिरडीवर ठेवली की फक्त कातडी सोलते.

भगताकडची धुरी घेतलीस, हे तू मला सांगितलं नाहीस, तुझ्या धाकट्यानं सांगितलं! भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीनं धूर दाढेवर घ्यायचा, आणि मग पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दाखवायचे. मी लहानपणी डोळे विस्फारून बघायची. ते किडे नव्हेत. बी तडकली की तिच्यातला कोंब बाहेर उडतो, तो वळवळलेल्या किड्यासारखाच दिसतो. दाताच्या किडीला पाय-तोंड नसतं, ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. भगताचा राग नाही माझा. रात्री दोनला दाढ ठणकते तेव्हा पाड्यावर तोच एक जागा असतो. पण त्याच्या धुरानं पोकळी बुजत नाही.

मशेरीचं मात्र मी ऐकून घेणार नाही. आपल्याकडं कितीतरी बाया सांगतात, दाढ दुखायची म्हणून लावायला लागले. तंबाखू भाजून केलेली ती पूड लावली की घटकाभर बधिर वाटतं, आणि त्या घटकाभराची सवय जन्मभर पुरते. मग हिरड्या खाली सरकतात, तोंडात पांढरे चट्टे येतात. तुझ्या सासूबाईंच्या गालाच्या आतली ती जखम किती दिवसांची आहे गं? तोंडातली कुठलीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती डॉक्टरला दाखवायलाच हवी, आणि तंबाखू-मशेरीवाल्यानं तर डोळे झाकून दाखवावी. म्हणजे तुला सोबत मिळाली बघ. त्यांनाही घेऊन जा.

राहता राहिल्या मेडिकलमधल्या गोळ्या. दुखण्याच्या गोळीवर दोन-चार दिवस काढणं वेगळं आणि महिना काढणं वेगळं. पोटात आग पडते, किडनीवर ताण येतो. आणि त्या 'सुजेवरच्या कॅप्सूल', म्हणजे अँटिबायोटिक, तू तीन खाल्ल्यास, बरं वाटलं म्हणून उरलेल्या डब्यात ठेवल्यास. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग औषध तिथं पोचणार कशावरून? आजूबाजूची सूज उतरते, मूळ तसंच राहतं. डॉक्टरनं दिलं तर पूर्ण घ्यायचं. आपल्या मनानं घ्यायचं नाही.

सासूबाई म्हणतात, दाढ काढली की डोळे अधू होतात. वरच्या दाढेबद्दल तसं बोलतात लोक, आणि तुझी तर खालची आहे! वरचीलाही त्यात काही अर्थ नाही. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. दात पडायचं वय आणि चष्मा लागायचं वय एकच येतं, एवढाच संबंध. नणंदबाईंना दिवस गेलेत म्हणून त्यांचीही दाढ बाळंतपणानंतर बघायची ठरलीय म्हणे. उलट चौथा ते सहावा महिना त्याला सगळ्यात सोयीचा असतो, तपासून घ्यायला आत्ताही काही हरकत नाही. दिवस गेलेत हे आधी सांगायचं, म्हणजे गोळ्या त्याप्रमाणे देतात. डॉक्टरला न विचारता दुखण्याची कुठलीही गोळी मात्र त्यांना देऊ नकोस.

कुठं जायचं? आधी सरकारीत. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय तुला जवळ, आणि जव्हारला आपलं पतंगशहा कुटीर रुग्णालय आहेच. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केलेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. फक्त निघायच्या आधी फोन करून विचार, दाताचे डॉक्टर आज आहेत का. नुसतं "दवाखाना चालू आहे का" विचारू नकोस. दवाखाना चालूच असतो. तुमच्या आशाताईंना विचारलंस तर कोणत्या वारी असतात तेही कळेल. तिथं निदान एक्स-रे होईल, दाढ वाचण्यासारखी आहे की काढायची ते कळेल. तेवढं कळलं तरी अर्धी लढाई जिंकली.

तिथं भागलं नाही तर पुढचं ठिकाण. 2014 साली जिल्हा पालघर झाला, पण आपल्या जव्हार-मोखाड्याच्या माणसाला अवघड काम निघालं की नाशिकचीच गाडी आठवते. जव्हारहून 80 किलोमीटरच्या आसपास, तुला मोखाड्याहून त्याहून कमी. पंचवटीत दातांचं कॉलेज आहे, कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय. कॉलेजात शिकणारी मुलं काम करतात, वर मास्तर उभे असतात. वेळ जास्त लागतो, पैसे खासगीपेक्षा कमी. मुंबईकडचीही वाट तुला तितकी लांब नाही. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसारा गाठलंस की लोकल थेट सीएसएमटीला जाते, आणि स्टेशनाजवळच सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दादरला मावशीकडं मुक्काम होत असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालयही आहे, 1933 पासूनचं. सकाळी लवकर नंबर लावावा लागतो, एवढं लक्षात ठेव.

आता खरा पेच. डॉक्टर म्हणतील, "रूट कॅनाल करू, दाढ वाचेल," किंवा "काढून टाकू." इथं मी तुला पुस्तकातलं नाही सांगणार. पुस्तक म्हणतं, होता होईतो दात वाचवा. खरंच आहे. ही खालची मोठी दाढ म्हणजे जात्याचं काम करणारा दात. ती गेली की शेजारचे दात मोकळ्या जागेकडं कलायला लागतात, वरचा दात खाली उतरतो, त्या बाजूनं नागलीची भाकरी चावणं बंद होतं. आपल्या आईनं एकेक करत सगळ्या दाढा काढल्या आणि चाळिशीतच भाकरी दुधात कुस्करून खायला लागली, ते तू पाहिलंयस.

पण रूट कॅनाल म्हणजे बऱ्याचदा दोन-तीन खेपा आणि वर कॅपसाठी आणखी एक-दोन. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं, बुडालेला दिवस, पोरांना कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न. आणि सगळ्यात वाईट काय, तर अर्धवट सोडलेली रूट कॅनाल. पहिल्या खेपेत नस काढून वर तात्पुरतं सिमेंट भरतात, दुखणं थांबतं, आपण म्हणतो झालं. ते सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते, पुन्हा पू. नाहीतर कॅप न घातलेली पोकळ दाढ एके दिवशी सुपारीच्या खांडानं उभी चिरते. पैसे गेले, खेपा गेल्या, शेवटी काढावीच लागते. म्हणून खुर्चीत बसायच्या आधी तोंड उघडून विचार: किती खेपा, कॅपसकट एकूण किती पैसे, एका बैठकीत होईल का. काही दाढांचं एका बैठकीत होतं. सगळ्या खेपा पावसाआधी उरकत असतील आणि पैशाची सोय असेल तर वाचव. तीन-चार हजार कमी पडले तर मी आहे, दिवाळीला दे. खेपा जमणारच नसतील, तर लाजू नकोस, काढून टाक. जंतू पोसत बसलेल्या दाढेपेक्षा रिकामी जागा बरी. हे ऐकून एखादा डॉक्टर नाक मुरडेल, पण मोखाड्याची गाडी त्याला पकडायची नसते.

काढायची ठरली तर भ्यायचं कारण नाही. उपाशी जाऊ नकोस, भाकरी-भाजी खाऊन जा. उपाशी पोटी इंजेक्शननं चक्कर येते. रक्तदाब, साखर, चालू गोळ्या असं काही असेल ते आधी सांगायचं. हिरडीत सुई टोचते तेवढीच कळ. मग ओठ जड होतो, अर्धी हनुवटी आपली नाही असं वाटतं. डॉक्टर दाढ हलवतात तेव्हा दाब कळतो, कड् आवाज थेट कानात येतो, त्या आवाजालाच माणूस घाबरतं. दुखलं तर हात वर कर, आणखी इंजेक्शन देतात. आत बराच पू असेल तर कधी बधिर नीट होत नाही, म्हणून आधी औषध देऊन चार दिवसांनी बोलावतील. तो पुन्हा खेपेचा खर्च, आणि सूज यायच्या आधी जाण्याचं हेही एक कारण.

नंतर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. सारखं थुंकायचं नाही, त्या दिवशी गुळण्याही नाहीत. जखमेत रक्ताची गाठ बसते, तीच मलम. ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की आधीचं बरं होतं म्हणशील. मशेरी, तंबाखू अजिबात नाही. सासूबाईंना गाडीत डबी उघडू देऊ नकोस, वासानं तुला राहवणार नाही. बधिरपणा दोन-तीन तासांनी उतरतो, म्हणजे नाशिकहून निघालीस तर साधारण गाडी तोरंगणच्या घाटात असताना. तिथली वळणं आणि दाढेची कळ एकदम नकोत, तेव्हा डॉक्टरनं दिलेली गोळी त्र्यंबकलाच घेऊन टाक. ओठ बधिर असताना चावू नकोस, कळत नाही आणि आतून फाटतो. घरी गार दूध-भात, पेज. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या गुळण्या.

तुझ्या मालकांशी मी बोलते. दोन दिवस पोरांना माझ्याकडं सोड, शाळा अजून उघडलेली नाही. येताना आधार कार्ड, आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि सासूबाई, एवढं घेऊन ये. मी उद्या सकाळी रुग्णालयात जाऊन दाताच्या डॉक्टरांचा वार विचारते आणि दुपारी अंगणवाडी सुटायच्या वेळेला फोन करते. उचल.